डावा कोपरा

"मान जरा ताठ ठेवा म्याडम, तुरा नीट बसंना," असं म्हणत चौगुले सरांनी माझ्या डोक्यावरच्या गुलाबी फेट्याचा शेवटचा वेढा आवळला आणि समोर मांडी घालून बसलेल्या तीन-चारशे पोरापोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी तिथे गुपचूप गेले होते. निदान माझा बेत तसा होता. गडी पारखायला जाणाऱ्यानं गर्दीत मागे उभं राहावं, शेंगा खाव्यात, हवं ते बघून घ्यावं आणि कुणाला पत्ता लागू न देता गाडी पकडावी. कुणीतरी आपल्याला जोखतंय हे कळलं की चांगला गडीही बिघडतो, नको तिथे छाती काढतो. म्हणून मी हिंगणवाडीच्या या महाविद्यालयात क्रीडाशिक्षक चौगुले सरांना एकच फोन केला होता, तोही सामने किती वाजता आहेत एवढंच विचारायला. आणि आता मी मैदानाच्या कडेला प्राचार्यांच्या केबिनमधून उचलून आणलेल्या सोफ्यावर बसले होते. मांडीवर शाल, शालीवर नारळ, डोक्यावर फेटा. आकाशातून जाणाऱ्या विमानालाही दिसले असते.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी रंजना साळसकर, मूळची परळची. पंधरा वर्षं कबड्डी खेळले, चढाई हे माझं काम. गुडघ्यानं रामराम ठोकल्यावर सह्याद्री शिलेदार नावाच्या व्यावसायिक संघानं मला नवीन गडी शोधायच्या कामावर घेतलं. दरवर्षी उन्हाळ्यात लीगमध्ये नवोदितांची निवड व्हायची. सगळे संघ एका हॉलमध्ये बसायचे, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा आणि आपली पाळी आली की एकेका पोराचं नाव पुकारायचं. अट एकच, वय बाविशीच्या आत हवं. बाविशी उलटली की तो दरवाजा बंद. पुढे मग नावाजलेल्या खेळाडूंचा लिलाव, आणि तिथे खेड्यातल्या पोराला कोण विचारतो?

मी बघायला आले होते त्या पोराचं नाव धैर्यशील खोचरे. डावा कोपरा. सात जणांच्या बचावात दोन टोकांना दोन कोपरे असतात. बाकीचे सगळे चुकले तरी चढाई करणारा मध्यरेषेकडे परत पळायच्या आत त्याला अडवायचं, हे त्यांचं काम. कोपरा झोपला की घराचं दारच उघडं पडतं. धैर्यशीलला दिवाळीत बावीस वर्षं पूर्ण होणार होती. या उन्हाळ्यात नाव पुकारलं गेलं तर गेलं, नाहीतर त्याच्या वडिलांनी साखर कारखान्यात वजनकाट्यावरची नोकरी बोलून ठेवली होती.

आमच्या संघात आकडेमोडीला कौस्तुभ नावाचा एक हुशार मुलगा होता. निघताना तो मला म्हणाला होता, "ताई, अकरा सामन्यांत याच्या पकडी किती? एकोणीस. याच्या शेजारी उभा राहतो त्या सम्मेद पाटीलच्या त्रेचाळीस. तुम्ही चुकीच्या पोराला बघायला चाललाय."

"तुझ्या लॅपटॉपला घाम येतो का रे कधी?" मी विचारलं होतं.

"गरम होतो," तो म्हणाला.

मी जात होते ती सांगलीच्या एका म्हाताऱ्या पंचांच्या शब्दावर. ते म्हणाले होते, "बाई, त्या पोरात काय आहे ते मला सांगता येत नाही. पण त्याच्या अंगणात गेलेला गडी हात हलवत परत येतो."

शिट्टी झाली. समोर शेजारच्या गावच्या तालीम मंडळाचा संघ होता. त्यांचा पहिला गडी चढाईला आला, सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेला, आणि पाय असा पुढे केला की जणू नर्सला इंजेक्शनसाठी दंड देतोय. धैर्यशीलनं घोटा धरला. टाळ्या. दुसरा आला. तोही डावीकडेच. पाय पुढे, घोटा, टाळ्या. तिसऱ्यानं तर पाय पुढे केल्यावर एकदा वळून माझ्याकडे बघितलं, मी बघतेय ना याची खात्री करायला.

"जबरदस्त पकड हाय बगा पोराची," चौगुले सर माझ्या कानाशी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

माझं डोकं तापलं. पंधरा वर्षं मी चढाया केल्या होत्या. खरा पाय कुठला आणि दिलेला पाय कुठला, एवढं मला कळत होतं. पण मी सरांना काही बोलायच्या आत मैदानावर भलतंच झालं. चौथा गडी आला, त्यानंही इमानदारीत पाय पुढे केला आणि धैर्यशील हाताची घडी घालून नुसता उभा राहिला. गड्यानं पाय हलवून दाखवला. धैर्यशील जागचा हलला नाही. शेवटी बिचाऱ्याचा दम संपत आला, तो कसाबसा याच्या गुडघ्याला बोट लावून परत गेला. धैर्यशील बाद.

बाद झालेला पोरगा तडक आमच्या सोफ्यासमोर आला. उंच, सावळा, कान पिळवटल्यासारखे झालेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"सर, ह्ये तुमी सांगितलंय व्हय त्यास्नी?"

"आरं, तसं न्हवं धैर्या..."

"मग कसं? मला न्हाय असलं खेळायचं. म्याडम काय आंधळ्या हायत?"

चौगुले सरांचा चेहरा एवढासा झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी हाय म्याडम. पोराच्या पकडी कमी दिसत्यात म्हणून तुमच्या आकडे विचारणाऱ्या पोरानं फोनवर नाक मुरडलं हुतं. म्हणलं, तुमच्यासमोर चार पकडी जास्त व्हाव्यात. त्या तालमीतल्या पोरांस्नी मीच हातापाया पडून सांगितलं."

खरं सांगायचं तर पोराचा राग मला आवडला. पण सद्वर्तनाचा दाखला द्यायला मी आले नव्हते. चांगल्या वागण्यानं कुणाला घोटा धरता येत नाही. मला त्याचा खेळ बघायचा होता, आणि तालीम मंडळाच्या त्या पोरांकडून आता खरी चढाई होणं शक्य नव्हतं. ती सगळी माना खाली घालून उभी होती.

मी फेटा काढून सरांच्या हातात दिला. ओढणी सोफ्यावर टाकली, बूट काढले.

"म्याडम, काय करताय?"

"चढाई."

"आवो, पर ती पोरं हायत!"

"मी शाळेपासून पोरांविरुद्धच सराव केलाय सर. आमच्या चाळीत सात मुली जमायच्या कुठून? याला परत आत घ्या आणि शिट्टी वाजवा."

प्राचार्य अर्धवट उठले आणि परत बसले. पोरींच्या बाजूनं जी आरोळी उठली ती मी अजून विसरलेले नाही. वय एकेचाळीस, एक गुडघा कामातून गेलेला, वजन सांगत नाही. मी मध्यरेषेला हात लावून नमस्कार केला, दम घेतला आणि आत शिरले.

पहिली चढाई फजितीची झाली. माझी नाही, त्यांची. सातही पोरं मागे हात बांधून भिंतीला टेकल्यासारखी उभी राहिली. मी तिघांना टपल्या मारल्या आणि चालत परत आले. सगळं मैदान खदखदून हसत होतं.

धैर्यशील साथीदारांवर ओरडला, "आरं, देवळात आलाय का? गडी हाय ती! सोडायची न्हाय!"

गडी हाय ती. बरीच वर्षं मला कुणी गडी म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

टपल्या खाल्लेली तिन्ही पोरं मी परत आत घ्यायला लावली. चौगुले सरांना म्हटलं, आता खरा खेळ, नियम लीगचे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर बाद.

आणि मग मी त्या अंगणात गेले.

धैर्यशील टोकाला, त्याच्या शेजारी सम्मेद, दोघांचे हात एकमेकांत. सम्मेद धिप्पाड, अधीर, पुढे पुढे येणारा. मी मनाशी म्हटलं, हा आपला. उजवीकडे जातेय असं दाखवून मी गर्रकन वळले आणि सम्मेदच्या गुडघ्याकडे पाय फेकला. याच हुलीवर माझी पंधरा वर्षं गेली होती. पाय वीतभर कमी पडला. सम्मेदच्या डोळ्यांत तर मला दिसत होतं की तो फसलाय. मग तो मागे गेला कसा? मी पुन्हा हूल दिली आणि या वेळी पायाकडे न बघता हातांकडे बघितलं. धैर्यशीलनं त्याचं मनगट धरलं होतं. मी वळायच्या आधीच तो मनगट मागे ओढत होता. त्याचं लक्ष माझ्या पायांकडे नव्हतंच, कमरेकडे होतं. माझा दम संपत आला. मी हात हलवत परत आले.

दुसऱ्या चढाईत मी त्यालाच छेडायचं ठरवलं. त्याच्यावर चालून गेले की तो अर्धं पाऊल मागे सरे आणि मला वाटे जागा झाली. त्या जागेत शिरावं तर ती नाहीशी झालेली. तीस सेकंद मी नुसती नाचले. त्यानं मला हातही लावला नाही. पुन्हा रिकामी.

तिसरी चढाई. आता गुण हवाच. सगळं मैदान उभं राहिलं होतं, प्राचार्यसुद्धा. मी आत गेले, आणि धैर्यशीलनं पहिल्यांदाच जागा सोडली. चांगली हातभर. डाव्या बाजूची वाट मोकळी, पुढे त्याचा एकटा पाय. मला वाटलं, दमला, चुकला. मी झेपावले आणि झेपावतानाच कळलं की ही वाट माझ्यासाठी मुद्दाम उघडली होती. पलीकडे सम्मेद टपून बसलेला. त्यानं घोटा धरला आणि मी सपशेल आडवी झाले. तोंडात माती, हात मध्यरेषेकडे ताणलेला, रेषा चार बोटं लांब.

"लागलं का म्याडम?" सम्मेद विचारत होता.

"पाय सोड आधी!" मी कबड्डी कबड्डी म्हणत असतानाच मधे ओरडले.

"सोडता येत न्हाय म्याडम. रेष जवळ हाय."

दम सुटला होता, शिट्टी झाली. मी तिथेच पडल्या पडल्या हसत सुटले. इतकी हसले की दोन पोरींना मला धरून उठवावं लागलं.

गुडघ्याला हळद लावून मी कट्ट्यावर बसले, तेव्हा धैर्यशीलला समोर उभा केला.

"तू का नाही धरलंस मला?"

"सम्मेद जवळ हुता."

"पकड त्याच्या नावावर लागली."

"गुण तर आपल्याच बाजूला लागला की."

सम्मेद मधेच बोलला. "म्याडम, एक सांगू? माझ्या त्रेचाळीस पकडी हायत म्हणं. त्यातल्या पस्तीस ह्याच्या हायत. ह्यो गडी माझ्या हातात आणून देतो. मी दुसऱ्या वर्षाला हाय, मला अजून दोन उन्हाळे हायत. ह्याला ह्यो एकच."

"तू गप रं," धैर्यशील म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. पण मग हळूच, माझ्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "म्याडम, हुईल का माझं?"

मी म्हणाले, "मी सांगते वर. जीव तोडून सांगते."

शेजारी उभं राहून सगळं ऐकलेले चौगुले सर मला गाडीपर्यंत सोडायला आले. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि म्हणाले, "जपून जावा."

मी शब्द पाळला. पुढचे तीन आठवडे मी कौस्तुभला जेवू दिलं नाही. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावून दाखवल्या, मनगटं दाखवली, रिकाम्या गेलेल्या चढाया मोजायला लावल्या. तो अर्धा वळला. पण निवडीच्या दिवशी सकाळी, मुंबईच्या हॉटेलात, मालकांनी चष्मा वर करून कागद बघितला आणि विचारलं, "ताई, एकोणीस पकडीवाला कशासाठी? शेजारी त्रेचाळीसवाला उभा आहे की." मी भांडले. आवाज चढवला. मालकांनी शांतपणे धैर्यशीलच्या नावावर रेघ मारली आणि वर सम्मेद पाटील लिहिलं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? एका पोरानं मला विचारलं होतं, हुईल का माझं. चौगुले सरांना फोन लावायला हातात घेतला आणि परत ठेवला. काय सांगणार होते?

दुपारी हॉलमध्ये नावं पुकारायला सुरुवात झाली. आमची पाळी पाचवी होती. पहिला संघ झाला, दुसरा झाला. तिसरी पाळी नाशिकच्या गोदाकाठ गरुडांची. त्यांचे प्रशिक्षक भोसेकर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "धैर्यशील खोचरे. डावा कोपरा."

मी उडालेच. समोरचा पाण्याचा ग्लास कौस्तुभच्या लॅपटॉपवर पालथा झाला. तो किंचाळला, मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मालक आमच्याकडे बघतच राहिले.

चहाच्या वेळी भोसेकर मिशीत हसत माझ्याकडे आले. आम्ही जुने मित्र.

"हुकला की नाही हातचा? रंजना, तू एवढी त्याच्यासाठी मैदानात लोळून आलीस म्हटल्यावर मी सोडतो होय! आम्हाला कोपरा हवाच होता. पाळी पण आमची आधी."

"पण तुला कळलं कुठून?"

"अगं, बोर्ड लावला होता हिंगणवाडीकरांनी भला मोठा. तुमच्या संघाच्या नावासकट. मग चौकशी केली, तर तुझं लोळणंही कळलं."

मी कपाळाला हात लावला. खेड्यातली घाई! निवड व्हायच्या आधीच बोर्ड! बाहेर येऊन मी चौगुले सरांना फोन केला, आधी बातमी दिली आणि मग चांगलं फैलावर घेतलं. असा बोर्ड लावतात का? आमच्या संघाचं नाव टाकून? उद्या मला मालकांनी विचारलं तर?

"चुकलं म्याडम," ते म्हणाले. "पोरांस्नी दम निघत न्हाय."

आमच्या वाट्याला सम्मेद आला. चांगला खेळतो, अजून खेळतो. धैर्यशीलच्या पहिल्या मोसमात फक्त चौदा पकडी झाल्या, आणि गरुडांच्या डाव्या बाजूनं लीगमध्ये सगळ्यात जास्त गडी हात हलवत परत गेले. कौस्तुभनं त्यासाठी त्याच्या तक्त्यात एक नवा रकाना केला. आमच्याशी सामना झाला तेव्हा शेवटच्या चढाईत धैर्यशीलनं आमच्याच गड्याला असा कोंडला की मी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

दोन वर्षांनी धैर्यशीलच्या लग्नाला हिंगणवाडीला गेले. जाताना सहज मनात आलं, तो बोर्ड कुठे लागला होता बघावं. एसटी थांब्यावरच्या पानवाल्याला विचारलं, त्याला ठाऊक नाही. प्राचार्यांना विचारलं, त्यांनाही नाही. सम्मेदला विचारलं तर तो हसत मांडवात पळाला.

पंगतीत चौगुले सर स्वतः वाढत होते. आमटीची बादली घेऊन माझ्यासमोर आले तेव्हा मी विचारलं, "सर, तो बोर्ड गावात लावला तरी कुठे होता?"

"गावात कशाला लावू?" ते म्हणाले. "गावाला म्हाईतच हाय की पोरगं कसं खेळतं त्ये."

"मग?"

सरांनी बादली खाली ठेवली. "नाशिकला. गरुडवाल्यांच्या सरावाच्या फाटकासमोर. त्यांचा डावा कोपरा गुडघ्यात मोडल्याचं पेपरात आलं हुतं. मी आन् सम्मेद गेलो एसटीनं, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून. सकाळी धावायला भायेर पडत्यात न्हवं ती, बरोब्बर समोर बांधला."



"पण मी शब्द दिला होता ना, सर!"

"दिला हुता की. तुमी 'सांगते' म्हणाला हुता म्याडम. 'घेतो' म्हणाला न्हवता. तुमच्या शब्दावर इश्वास हुता, तुमच्या मालकाचं काय म्हाईत न्हवतं."

"आणि लिहिलं काय होतं त्या बोर्डावर?"

सर ताठ उभे राहिले आणि सभेत वाचावं तसं म्हणाले, "आमचा डावा कोपरा धैर्यशील खोचरे याची निवड केल्याबद्दल सह्याद्री शिलेदार संघाचे जाहीर आभार. समस्त ग्रामस्थ, हिंगणवाडी."

"अहो, पण निवड झाली कुठे होती तेव्हा?"

"झाली की," सर माझ्या भातावर आमटी ओतत म्हणाले. "आभार मानल्यावर."